आठव्या दिवशीचा करार : ज्यू विचारात सुंतेचा अर्थ काय?

पैलतीर

बायबलच्या जुन्या करारावर गप्पा चालल्या होत्या, त्यात सुंतेचा विषय निघाला आणि बहुतेकांनी "वाळवंटात पाणी कमी, म्हणून स्वच्छतेसाठी" एवढं म्हणून तो गुंडाळून टाकला. मला ते अजिबात पटलं नाही. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. स्वच्छतेचं कारण अगदीच उपटसुंभ आहे असं नाही, अलेक्झांड्रियाचा फिलो म्हणून इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ होऊन गेला, तोही रोग टळतात, स्वच्छता राहते वगैरे सांगतो. पण तो तिथे थांबत नाही, आणि त्याच्यानंतरचेही कोणी थांबलेले नाहीत. ज्यू परंपरेने या एवढ्याशा कृतीवर इतका खल केलाय, इतके वाद घातलेत, की त्यात त्यांचं माणसाबद्दलचं सगळं म्हणणं सापडतं असं माझं मत झालंय, आणि तेच इथे मांडायचंय.

मूळ गोष्ट बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात आहे. अब्राम ९९ वर्षांचा आहे. ७५व्या वर्षी देवाच्या शब्दावर घरदार सोडून निघालेला माणूस, त्यानंतर दुष्काळ, लढाया, भाऊबंदकी सगळं पाहून झालेलं. आणि आता देव त्याला म्हणतो, माझ्यापुढे चालत राहा आणि पूर्ण हो. मग करार होतो, त्याचं नाव अब्राम होतं ते अब्राहाम होतं, त्याची बायको सारायची सारा होते, आणि कराराची खूण म्हणून त्याने स्वतःची, १३ वर्षांच्या मुलाची, इश्माएलची आणि घरातल्या सगळ्या पुरुषांची, अगदी विकत घेतलेल्या गुलामांचीसुद्धा सुंता करायची. पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाची आठव्या दिवशी. वर्षभराने इसहाक होतो, तो आठव्या दिवशी सुंता झालेला पहिला.

आता यात रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, जे खटकलं तेच आपल्यालाही खटकायला हवं. ९९ वर्षं ज्याने देवाचं ऐकलं तो अजून अपुरा कसा? आणि अपुरा असेल तर देवाने आधीच पुरा करून का नाही पाठवला?

यावरची सगळ्यात गाजलेली गोष्ट मिद्राश तनहुमामध्ये आहे (मिद्राश म्हणजे बायबलवरची रब्बींची कथारूप भाष्यं). रोमन सुभेदार तुर्नुस रुफुस रब्बी अकीवांना विचारतो, कोणाचं काम जास्त चांगलं, देवाचं की माणसाचं? अकीवा सरळ म्हणतात, माणसाचं. सुभेदार म्हणतो, हे आकाश, ही पृथ्वी, माणूस करू शकेल का असं काही? अकीवा म्हणतात, जे माणसाच्या हातात मुळातच नाही ते मध्ये आणू नकोस, माणसाच्या आवाक्यातलं बोल. मग सुभेदार मुद्द्यावर येतो, तुम्ही सुंता का करता? अकीवा म्हणतात, तू हेच विचारणार हे मला माहीत होतं, म्हणूनच आधी तसं उत्तर दिलं. मग ते एका बाजूला गव्हाच्या ओंब्या ठेवतात, दुसऱ्या बाजूला भाजलेल्या पोळ्या, एका बाजूला जवसाच्या काड्या आणि दुसऱ्या बाजूला बेथ शआनचं तलम कापड. हे देवाचं, हे माणसाचं, सांग आता कुठलं चांगलं. सुभेदारही हार मानणारा नाही, तो म्हणतो, देवाला सुंता एवढी आवडते तर मूल आईच्या पोटातूनच तसं का येत नाही? अकीवांचं उत्तर मला फार आवडतं. ते म्हणतात, मग नाळ का घेऊन येतं? ती तर आईला कापावीच लागते. आणि बाकी तुझ्या प्रश्नाचं म्हणशील, तर देवाने आज्ञा दिल्यात त्या माणसाने त्यातून तावून सुलाखून निघावं म्हणून.

हे संभाषण कोणत्या काळातलं आहे ते लक्षात घ्या. रोमन आणि ग्रीक लोकांना मानवी देह जसा आहे तसाच परिपूर्ण वाटायचा, व्यायामशाळेत आणि स्नानगृहात तो उघड्यावर मिरवायचा, त्यामुळे सुंता म्हणजे त्यांच्या लेखी चांगल्या शिल्पाची मोडतोड. अकीवा नेमकं उलटं सांगतायत, की जग देवाने मुद्दाम थोडं अपुरं सोडलंय आणि उरलेलं काम माणसाकडे दिलंय. तिसऱ्या शतकातले रब्बी होशाया पण एका तत्त्ववेत्त्याला हेच सांगतात : सहा दिवसांत निर्माण झालेल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी करावंच लागतं, मोहरीचा तिखटपणा घालवावा लागतो, गहू दळावा लागतो, आणि माणूसही याला अपवाद नाही.

१३व्या शतकात स्पेनमध्ये लिहिलेल्या सेफेर हाहिनुख या ग्रंथात हाच धागा अजून आत नेलाय. तिथे म्हटलंय की देवाने माणसाला जन्मतःच पूर्ण केलं नाही, कारण शरीराची पूर्णता जशी माणसाच्या हातून होते तशीच आत्म्याची पूर्णताही त्याच्या स्वतःच्या कर्मांनी होणार आहे हे त्याला कळावं. माझ्या मते सगळ्या विषयाचं सार इथे आहे. सुंता एकदा झाली की आयुष्यभर सोबत राहते, आणि ती सांगत राहते की अजून काम बाकी आहे.

आठवाच दिवस का, यावर प्रागचे महाराल (१६वं शतक) म्हणतात की सात हा निसर्गाचा आकडा, सात दिवसांत सृष्टी झाली, आठवं म्हणजे निसर्गाच्या पलीकडचं, म्हणून निसर्गाने दिलेल्या देहाला त्याच्या पलीकडे नेणारी कृती आठव्या दिवशी. मिद्राशात एक साधं कारणही दिलंय, की बाळाने एक शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, बघितल्याशिवाय त्याला करारात घ्यायचं नाही. सात दिवसांत एक शब्बाथ येतोच.

पण एक गोष्ट मला अजून नीट लागत नाही. संदेष्टे "हृदयाची सुंता करा" असंही म्हणतात. मग हृदयाचीच करायची असेल तर शरीराची कशाला? जाणकारांनी लिहावं.

शब्दवेल

वा पैलतीर, अकीवांची गोष्ट पहिल्यांदाच वाचली. नाळेचा मुद्दा तर निरुत्तर करणारा आहे.

हृदयाच्या सुंतेचं म्हणाल तर मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, आम्हाला हेच शिकवलं होतं की खरी सुंता अंतःकरणाची, शरीराची नाही, संत पौलाने रोमकरांस पत्रात लिहिलंय तसं. त्यामुळे माझ्या डोक्यात कायम असं होतं की ज्यू लोक बाहेरच्या खुणेत अडकले आणि आतला अर्थ ख्रिस्ती लोकांनी शोधला. तसं नाहीये का?

ग्रंथकीट

शब्दवेल, तसं नाहीये, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की सविस्तर लिहितो.

हृदयाची सुंता हा विचार पौलाच्या कितीतरी आधी खुद्द तोरामध्येच, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतच आहे. त्यातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की आपल्या हृदयाची सुंता करा आणि ताठ मानेने वागू नका, आणि ३०व्या अध्यायात तो म्हणतो की देवच तुमच्या हृदयाची सुंता करील म्हणजे तुम्ही त्याच्यावर जीव ओतून प्रेम कराल. यिर्मया हा संदेष्टाही तेच सांगतो, आणि अजून कडक शब्दांत, की इस्राएलाच्या सगळ्या घराण्याचं हृदय बेसुंतेचं आहे. मोशे स्वतःच्या ओठांबद्दल असं म्हणतो, इजिप्तचा राजा फरो याच्यासमोर बोलायला मी कसा जाऊ म्हणून. इतकंच काय, नव्या लावलेल्या फळझाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं खायची नाहीत असा तोरातल्याच लेवीय या पुस्तकात नियम आहे, तिथेही त्या फळांना बेसुंतेचं म्हटलंय. म्हणजे जिथे काहीतरी झाकलेलं, बंद, अजून मोकळं न झालेलं आहे तिथे हीच प्रतिमा येते. कान, ओठ, हृदय, झाड.

आता पैलतीरांचा प्रश्न, मग शरीराची कशाला. याचं उत्तर फिलोने दिलंय आणि ते वाचण्यासारखं आहे, कारण फिलो स्वतः रूपकांचा बादशहा. तो सांगतो की सुंता म्हणजे मनाला भुरळ घालणाऱ्या सुखांची छाटणी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे "मीच निर्माता, माझ्यामुळेच मूल झालं" या अहंकाराची छाटणी. इतका आतला अर्थ सांगणारा माणूस, पण त्याच्याच काळात अलेक्झांड्रियात काही लोक म्हणायला लागले होते की अर्थ कळला ना, मग कृती कशाला, तेव्हा फिलो त्यांच्यावर चांगलाच उखडलाय. तो म्हणतो, देह हे आत्म्याचं घर आहे म्हणून आपण देहाची काळजी घेतो, तशीच नियमाच्या अक्षराचीही घ्यायला हवी, आणि ही माणसं जणू आपण रानात एकटेच राहतो असं वागतायत, समाज, शेजारपाजार काही नसल्यासारखं. फिलो आणि पौल साधारण एकाच पिढीतले. दोघांनाही हृदयाची सुंता ठाऊक होती. एक म्हणाला हृदयाची झाली की शरीराची नको, दुसरा म्हणाला दोन्ही हवं. म्हणजे फरक आतलं दिसण्या-न दिसण्याचा नव्हता.

आणि हा वाद तिथे संपला असंही नाही. १८४३ मध्ये फ्रँकफर्टमध्ये सुधारक ज्यूंच्या एका गटाने सुंता बंधनकारक नको अशी भूमिका घेतली. आब्राहाम गायगरसारख्या मोठ्या सुधारक रब्बीलाही ती मनातून रानटी वाटायची, तसं त्याने १८४५ मध्ये लिओपोल्ड झुन्झला पत्रात लिहिलंय. झुन्झ म्हणजे आधुनिक ज्यू अभ्यासाचा पाया घालणारा माणूस, कर्मठ बिलकुल नाही, पण त्याने १८४४ मध्ये सुंतेच्या बाजूने मत मांडलं होतं. त्याचा सूर असा की ही सोडणं म्हणजे सुधारणा नव्हे, आत्मघात आहे.

मध्यम_मार्ग

अकीवांची गोष्ट सगळे सांगतात पण रामबाम, म्हणजे १२व्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदिस, याच्या अगदी उलट बोलतो हे कोणी सांगत नाही. त्याच्या 'गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक' ग्रंथाच्या तिसऱ्या भागात ४९वा अध्याय बघा. तो स्पष्ट म्हणतो की सुंता शरीरातली उणीव भरून काढण्यासाठी आहे हे मला मान्य नाही, निसर्गाच्या गोष्टींमध्ये उणीव असती तर बाहेरून भरून काढावी लागली असती, तशी ती नाहीये. त्याचं कारण वेगळं : वासना आटोक्यात राहावी. तो स्वतः वैद्य होता आणि आडपडदा न ठेवता लिहितो की त्या अवयवाची उत्तेजना आणि सुख कमी होणं हाच हेतू आहे. पैलतीर यांचं "जग अपुरं, माणूस ते पूर्ण करतो" हे सार मग टिकतं का?

दुसरं कारण तो देतो ते मात्र मला मोलाचं वाटतं. देव एक आहे असं मानणाऱ्या सगळ्यांच्या अंगावर एकच खूण असावी, म्हणजे कोणी उगाच फायद्यासाठी आत घुसणार नाही, कारण पक्की श्रद्धा असल्याशिवाय असं काही स्वतःला किंवा मुलाला कोण करून घेईल, आणि एका खुणेच्या माणसांमध्ये आपोआप माया आणि एकमेकांना मदत करण्याची वृत्ती येते.

पैलतीर

मध्यम_मार्ग, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत, आणि मला तर हाच विरोध सगळ्यात जास्त शिकवून जातो. रामबामला अकीवांची गोष्ट माहीत नव्हती असं तर होणार नाही. तरी त्याने ती बाजूला ठेवली, कारण त्याला देवाच्या निर्मितीत खोट काढायची नव्हती. पण पुढचं वाक्य बघा, तो म्हणतो शारीरिक उणीव नव्हे, नैतिक उणीव पूर्ण करायला ही आज्ञा आहे. म्हणजे अपुरेपण त्यालाही मान्य आहे, फक्त ते त्याने कातड्यातून काढून स्वभावात ठेवलं. अकीवा म्हणतात देह अजून घडवायचाय, रामबाम म्हणतो देह ठीक आहे, माणूस घडवायचाय. कामाला लागायचं दोघेही सांगतात. सेफेर हाहिनुखने, जो रामबामनंतरचा आहे, दोन्ही एकत्र आणलंय असं मला वाटतं.

वासनेचा मुद्दा मला स्वतःला कमी पटतो, पण त्या काळच्या वैद्यकाच्या चष्म्यातून तो आलाय. बरं, खूण त्याच अवयवावर का, याचं दुसरं उत्तरही परंपरेत आहे. अब्राहामाला मिळालेलं वचनच संततीचं आहे, राष्ट्रंच्या राष्ट्रं तुझ्यापासून होतील असं. जिथून पुढची पिढी येते तिथेच करार लिहिला. कबालावाले, म्हणजे ज्यू गूढवादी, तर याला येसोद या सफीराशी (देवाच्या दहा आविष्कारांपैकी एकाशी) जोडतात, म्हणजे वरचं सगळं तेज जिथून जगात उतरतं ती जागा, आणि त्याचा आदर्श योसेफ, ज्याने मालकाच्या, पोटीफरच्या, बायकोला नकार दिला. ईयोबाचं "माझ्या देहातून मी देवाला पाहीन" हे वाक्य झोहर या कबालाच्या ग्रंथात याच संदर्भात घेतलंय. देहापासून पळून जाऊन देव दिसत नाही, देहातच दिसतो, असा त्याचा रोख आहे. आपल्याकडे संन्यास, देहदंड यांची मोठी परंपरा आहे, तिच्याशी हे फार जुळणारं नाही हे मला जाणवतं.

डॉ_सह्याद्री

धागा वाचतोय, माहिती उत्तम. पण मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि मला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आठ दिवसांच्या बाळाला कसला करार आणि कसली श्रद्धा? त्याला विचारलंय का कोणी? रामबामच सांगतोय की सुख कमी करणं हा हेतू आहे, म्हणजे नुकसान होतंय हे मान्य करूनच केलं जातंय. जर्मनीत २०१२ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने असा निकाल दिलाच होता की हे मुलाच्या शरीराच्या अखंडतेच्या हक्काविरुद्ध आहे. मी कोणाच्या भावना दुखवायला लिहीत नाहीये, रोज नवजात बाळं हाताळतो म्हणून आतून लिहितोय.

ग्रंथकीट

डॉक, तुमचा प्रश्न रास्त आहे. कोलोनच्या निकालानंतर तिथे मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बुंडेस्टागने, म्हणजे जर्मन संसदेने, कायदा करून काही अटींवर पालकांना परवानगी दिली, म्हणजे प्रश्न कायद्याने सोडवला, पण तुमचा नैतिक मुद्दा उरतोच. ज्यू परंपरेलाही तो दिसलाय. तालमूदच्या (रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहाच्या) सान्हेद्रीन खंडात आणि मिद्राशात इश्माएल आणि इसहाक यांचं भांडण आहे. इश्माएल म्हणतो, मी तुझ्यापेक्षा मोठा, तुझी आठव्या दिवशी झाली, तुला काय कळत होतं, माझी १३व्या वर्षी झाली, मी नाही म्हणू शकलो असतो तरी म्हणालो नाही. म्हणजे संमतीचं महत्त्व इश्माएलच्या तोंडून परंपरेने स्वतःच सांगितलंय. आणि इसहाक त्याचं खंडन करत नाही! तो एवढंच म्हणतो, एका अवयवाचा काय तोरा मिरवतोस, देवाने माझा सगळा देह मागितला तरी मी देईन. एका परंपरेनुसार पुढचा मोरिया डोंगरावरचा प्रसंग, जिथे देव अब्राहामाकडे इसहाकाचा बळी मागतो, यातूनच येतो.

परंपरेचं म्हणणं असं की काही नाती आपण निवडत नाही. आई, भाषा, घराणं, यात आपण जन्माला येतो, आणि करार हे त्यांच्या लेखी त्यातलंच. तुम्हाला ते पटेलच असं नाही.

नुकसानीचं म्हणाल तर जिवाला धोका असेल तर सुंता करायचीच नाही हा नियम पक्का आहे. तालमूदच्या येवामोथ खंडात आहे की एका आईची दोन मुलं सुंतेनंतर दगावली तर तिसऱ्याची करायची नाही. रक्त न थांबण्याचा आजार घराण्यात असू शकतो हे त्यांनी निरीक्षणातून ओळखलं होतं. बाळ आजारी, पिवळं पडलेलं असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं. आठव्या दिवशी शब्बाथ आला तरी सुंता होते, एवढी ती शब्बाथपेक्षा वरचढ, पण बाळाचा जीव तिच्याहून वरचढ. आणि भावंडं दगावली म्हणून ज्याची सुंता झालेली नाही तो माणूसही पूर्ण ज्यूच मानला जातो.

डॉ_सह्याद्री

येवामोथचं ठाऊक नव्हतं. हिमोफिलियाचं वर्णन इतक्या जुन्या काळात, आणि तेही आईकडून येतं हे धरून! माझं संमतीबद्दलचं मत कायम आहे, पण ज्यांनी हा नियम केला ते बाळाकडे बघत होते हे मान्य.

अलिबागची_लेक

नमस्कार, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, माहेर ठाण्याचं, आता इस्राएलमध्ये अश्दोदला असते. वाचत होते गप्प, पण आता लिहितेच.

आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडे ना तोराची पोथी होती, ना रब्बी, ना हिब्रू येत होतं. तालमूदचं तर नावही नव्हतं. तरी चार गोष्टी राहिल्या : शनिवार, माशांमध्ये खवल्यांचाच खायचा, शेमा या प्रार्थनेची एक ओळ, आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता. बाहेरचे ज्यू आले तेव्हा त्यांनी आमच्या लोकांना ओळखलं ते यावरूनच. तत्त्वज्ञ स्पिनोझाने लिहिलंय ना, की सुंतेची खूण इतकी भक्कम आहे की ती एकटी या लोकांना कायम टिकवून ठेवू शकेल, त्याला कोकण माहीत नव्हतं पण ते आमच्याबाबत खरं झालं. म्हणून मला जेव्हा कोणी म्हणतं की अर्थ महत्त्वाचा, कृती नाही, तेव्हा मी म्हणते, आमच्याकडे अर्थ सांगणारं पुस्तक नव्हतं, कृतीने आम्हाला सांभाळलं आणि अर्थ नंतर येऊन भेटला.

माझ्या भाच्याच्या वेळेस ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, टेंभी नाक्याचं १८७९ सालचं शाआर हाशामाईम, सकाळी सगळे जमलो होतो. दोन खुर्च्या असतात. एकीवर संदाक, म्हणजे बाळाला मांडीवर घेणारा, आमच्याकडे त्या दिवशी आजोबा होते. दुसरी एलियाहू हनाबीची, म्हणजे संदेष्टा एलियाची, तिच्यावर कोणी बसत नाही, बाळाला आधी क्षणभर तिच्यावर ठेवतात. मोहेलने, म्हणजे सुंता करणाऱ्याने, काम केलं ते मिनिटभराचं, बाळाच्या ओठांना द्राक्षारसात बुडवलेला कापूस लावला, बापाने अब्राहाम अवीनूच्या (आपला पिता अब्राहाम) करारात घेण्याची प्रार्थना म्हटली आणि सगळे एका सुरात म्हणाले, जसा हा करारात आला तसाच तोरात, लग्नाच्या मांडवात आणि सत्कर्मांत येवो. मग नाव. घरी मलिद्याचं ताट : भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा, फळं, आणि एलियाहू हनाबीचं गाणं. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एलियाहू येऊन गेला, खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, असं आमचे लोक मानतात, त्यामुळे ती रिकामी खुर्ची आमच्यासाठी परदेशातल्या कुणाची नसते.

शब्दवेल

ताई, किती छान लिहिलंत. एलियाहूचीच खुर्ची का पण?

पैलतीर

शब्दवेल, एलियाने इस्राएलाविरुद्ध देवाकडे तक्रार केली होती, की या लोकांनी तुझा करार सोडला, मी एकटा उरलोय (१ राजे, १९वा अध्याय). पिर्के दे रब्बी एलिएझर या जुन्या ग्रंथात आहे की देव त्याला म्हणाला, इस्राएल सुंता करील तेव्हा दर वेळी तू तिथे हजर राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघशील. म्हणून खुर्ची. ज्याला वाटलं सगळं संपलं त्याला प्रत्येक बाळाच्या वेळी यावं लागतं, बघावं लागतं की संपलेलं नाही. मला हे फार हृद्य वाटतं.

सई_मी

हे सगळं मुलग्यांचं. निम्मी माणसं करारात आहेत की नाहीत? एवढी मोठी खूण, आणि बाई त्यात कुठेच नाही, हे मला टोचतंय.

ग्रंथकीट

सई_मी, टोचायलाच हवं, ज्यू बायकांनीही हा प्रश्न जोरात विचारलाय. तालमूदचं म्हणणं आहे की स्त्री ही सुंता झाल्यासारखीच असते, म्हणजे ती करारात जन्मतःच आहे. काहींना हे उत्तर पुरेसं वाटतं, मला निम्मं वाटतं. पण गोष्टींमध्ये बाई कुठेच नाही असं नाही. निर्गमच्या चौथ्या अध्यायात वाटेत मोशेच्या कुटुंबावर मृत्यूचं संकट येतं आणि त्याची बायको सिप्पोरा गारगोटी घेऊन मुलाची सुंता करते आणि सगळं वाचवते. मोशेच्या हातून राहिलेलं तिने केलं. आणि इ.स.पू. १६७ मध्ये अंतिओखस राजाने सुंतेवर बंदी घातली तेव्हा ज्या आयांनी तरी मुलांची सुंता केली त्यांना मुलांसकट मारलं गेलं, मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात ते वाचताना काटा येतो. करार जिवावर उदार होऊन ज्यांनी राखला त्यात आया पुढे होत्या.

आठव्या दिवसाचं अजून एक कारण निद्दा खंडात आहे. पहिले सात दिवस आई बाळंतपणाच्या विटाळात असते, नवरा-बायको दूर, मग सगळे जेवणावळीत मजेत आणि आईबाप मात्र उदास असं होऊ नये, म्हणून आठवा दिवस.

अलिबागची_लेक

मुलीचं आमच्यात पाळण्यात घालून नाव ठेवतात, बायका गाणी म्हणतात, मराठीतच. इथे आता बऱ्याच घरांत मुलीसाठी सिनेगॉगमध्येही प्रार्थना करतात, माझ्या मुलीची केली होती.

मध्यम_मार्ग

मला एक राहून राहून वाटतं. खूण आली की भिंत येते. आपले आणि परके. अब्राहाम तर पाहुणचारासाठी ओळखला जातो, सगळ्यांसाठी तंबू उघडा. मग हा करार त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध नाही का?

पैलतीर

हा प्रश्न खुद्द अब्राहामाने विचारलाय, निदान मिद्राशाच्या म्हणण्यानुसार. उत्पत्तीवरच्या मिद्राशात, उत्पत्ती रब्बामध्ये, तो देवाला म्हणतो, सुंता करण्याआधी येणारे-जाणारे माझ्याकडे यायचे, आता ते येतील का? देव म्हणतो, आधी माणसं यायची, आता मी स्वतः येईन. आणि उत्पत्तीचा १८वा अध्याय लगेच तसाच सुरू होतो : भर उन्हात अब्राहाम तंबूच्या दारात बसलाय आणि देव त्याला दिसतो. तालमूद म्हणतं हा सुंतेनंतरचा तिसरा दिवस, म्हणजे सगळ्यात जास्त दुखण्याचा, आणि देव आजाऱ्याची विचारपूस करायला आलाय. ज्यू लोक आजाऱ्याला भेटायला जाणं पुण्याचं मानतात त्याचा एक आधार हाच. आणि तेवढ्यात तीन वाटसरू दिसतात आणि ९९ वर्षांचा म्हातारा, जखम ताजी असताना, देवाला थांबवून त्यांच्याकडे धावत जातो, पाय धुवायला पाणी, भाकरी, वासरू. खूण झाल्यावरची पहिली कृती म्हणजे अनोळखी माणसांचा पाहुणचार. भिंत घालणाऱ्यांनी ती घातली हे खरंच आहे, पण गोष्टीत ती नाही.

दुसरी एक छोटी गोष्ट सांगतो, तालमूदच्या मेनाहोथ खंडातली. दावीद राजा स्नानगृहात शिरतो, कपडे उतरवतो, आणि वाईट वाटतं की आता मी उघडा उभा, अंगावर एकही आज्ञा नाही, ना झालरीचं वस्त्र, ना काही. मग त्याला सुंता आठवते आणि मन शांत होतं. १२वं स्तोत्र त्याने त्यावर रचलं असं म्हणतात. सगळं काढून घेतलं तरी जे राहतं ते.

डॉ_सह्याद्री

एक व्यावहारिक शंका. समजा एखाद्या मुलाची वैद्यकीय कारणाने आधीच झालेली आहे आणि मोठेपणी त्याला ज्यू व्हायचंय. मग?

ग्रंथकीट

तर त्या जागी रक्ताचा एक थेंब काढतात, करारासाठी म्हणून. कापायला काही उरलेलं नसतं, शरीरात फरक शून्य, तरी थेंब हवा. स्वच्छतेच्या कारणाला हे एकच उत्तर पुरेसं आहे, नाही का पैलतीर? दवाखान्यात झालेली शस्त्रक्रिया कितीही चोख असली तरी ती करार होत नाही.

अलिबागची_लेक

ग्रंथकीट, बरोबर आहे, पण त्या थेंबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला इथिओपियाचे ज्यू इथे आले, त्यांनीही शतकानुशतकं आठव्या दिवशीची सुंता पाळलेली, आणि इथल्या रब्बींनी त्यांना सांगितलं की खात्री नाही, तेव्हा तो थेंब द्या. त्या लोकांना ते इतकं लागलं की १९८५ मध्ये जेरुसलेममध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीसमोर ठाण मांडून बसले. आमच्या लोकांना ते बघून काय वाटलं असेल सांगू? आमच्यावरही अशीच वेळ आली होती, लग्नाच्या वेळी आईची आई, तिची आई कोण होती ते तपासायला लावायचे. १९६४ मध्ये आमची माणसं रस्त्यावर उतरली, क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, आमच्या बाजूने ठराव केला आणि मग रब्बींना माघार घ्यावी लागली. माझे आजोबा त्या मोर्चात होते. ते म्हणायचे, कोकणात आम्हाला कोणी विचारलं नाही तुम्ही कोण, आणि इथे आल्यावर विचारलं. पुस्तक नसताना ज्यांनी करार सांभाळला त्यांच्याकडे कागद मागितला. हे सगळं असूनही माझ्या मुलाची आम्ही आठव्या दिवशीच केली, अश्दोदला, मोहेल मोरोक्कोचा होता, आणि मलिदा मी घरी केला, पोहे भारतातून मागवलेले.